आठ आकडी नाव

कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीत, शेवटच्या वळणावर,
मी निर्यातीच्या कोळंबीचे कागद करतो. एकोणीस वर्षं झाली.
घरी आम्ही तिला सुंगटं म्हणतो.
माझ्या टेबलावर येईस्तोवर तिचं नाव आठ आकडी होतं,
शून्य तीन शून्य सहापासून सुरू होणारं,
आणि त्यातला एक आकडा चुकला तर
पेटी जगाच्या दुसऱ्या टोकाला धक्क्यावर ताटकळते.

भिंतीपलीकडे चाळीस बायका.
पायात गमबूट, बर्फाच्या पाण्यात बोटं.
डोकं मोडायचं, साल ओढायची,
पाठीतला काळा दोरा अखंड बाहेर काढायचा.
हावेरीची शांतव्वा तासाला सात किलो सोलते.
बोटांचं विचारलं तर म्हणते,
रात्री ही माझी नसतात. सकाळी येतात परत.

दर वाढल्याची बातमी आली तेव्हा
तिकडे शुक्रवार होता, इकडे शनिवार उजाडलेला.
एकाने दहा टक्के म्हटलं, दुसऱ्याने पंचवीस,
पहिल्याने पन्नास.
माझे वडील सांगायचे,
दोन भाटकार मेरेवरून भांडतात,
वाट बंद होते ती मुंडकाराची.
आम्ही कुणाच्या बाजूचे नव्हतो.
मेरेवर उभे होतो, एवढंच.

वेर्लेकर शेठ माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.
जहाज कुठं पोचलं?
तीन पेट्या पाण्यात होत्या.
बावीस तारखेच्या आत उतरल्या तर जुना दर,
तेवीसला नवा.
पडद्यावर जहाज म्हणजे एक हिरवा ठिपका.
आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे आम्ही त्याच्यापाशी बसलो.
एकविसाला तो बंदराबाहेर थांबला.
सगळ्यांचीच घाई होती, म्हणून सगळेच खोळंबले.
तेविसाला सकाळी हलला.

गिऱ्हाइकाचं पत्र आलं: कर अर्धा तुमचा, अर्धा आमचा.
जेवणानंतर दुसरं पत्र आलं.
त्यात अर्धा हा शब्द नव्हता.

मग रात्रपाळी गेली.
मग शीतगृह छतापर्यंत भरलं
आणि विजेचं बिल तेवढं पहिल्यासारखं येत राहिलं.
मग चाळीसमधल्या सव्वीस जणींना हिशेब करून दिला.
तो कागदही मीच केला. त्यात आकडी नाव लागत नाही,
अंगठा चालतो.

गुरुवारी बाजारात पिएदाद ओरडत होती,
बाब, येरे, सायबाच्या ताटातलं सुंगट आज तुका!
टोपलीभर. हाताच्या पंज्याएवढी.
मी लांबूनच काउंट ओळखला, सोळा-वीस.
पौंडाला सोळा ते वीस नग. ही कधी इथं राहत नाहीत.
भाव ऐकून मी दोनदा विचारलं.
एक किलो घेतली. मग आणखी एक.

घरी आई म्हणाली,
एवढी मोठी मी फक्त आगुस्तच्या लग्नात बघितलेली.
बायकोने नारळ खवला, सोलं भिजत घातली.
शेजारच्या भाबींनीही आणली होती,
कुणाच्याही घरी तो दिवस वाईट नव्हता.
मुलगा म्हणाला, पप्पा, हे रोज आणा ना.
तीन वेळा भात घेतला त्याने. मीही दोनदा.
चव होती, खोटं कशाला बोलू.

पण ते नंतर. आधी सोलायची होती.
बायको ओट्याशी उभी, दोरा अर्ध्यात तुटतोय,
म्हणाली, तुमच्या त्या बायका हे एवढं भराभर कसं करतात?
सात किलो, मी म्हटलं. तासाला.
आणि आठवलं, आजच दुपारी मडगावच्या स्टँडवर
हुबळीच्या बसच्या टपावर
निळ्या पिंपाला सुंभ बांधणारी ती शांतव्वाच होती बहुतेक.
मी हाक मारली नाही. पिशवीतून पाणी गळत होतं.

मी म्हटलं, दे इकडे, एक मी करतो.
डोक्यावरचा काटा
नखाच्या आत गेला, खोल.
एकोणीस वर्षांत मला माहीत नव्हतं
तिला काटा असतो.